भाच्याचा राग

४ फेब्रुवारी

आज सकाळी सात वाजता भाच्यानं मला "गप्प बस, म्हातारे" म्हटलं आणि चहाचा कप भिंतीवर फेकला.

मी एवढंच म्हणाले होते की पाणी तापलंय, अंघोळ करून घे. बाहेर थंडी, आणि याचा शर्ट घामानं चिंब. डोळे माझ्यावर रोखलेले, पण त्यांत ओळख नव्हती. भाचेसून आली, दुधात तीन चमचे साखर घालून पेला त्याच्या तोंडाला लावला आणि त्याला आत घेऊन गेली. अर्ध्या तासानं हा स्वयंपाकघरात येऊन विचारतो काय, "मावशी, हा कप कोणी फोडला?"

सोंग नव्हतं. तीस वर्षं शाळेत मुलांची सोंगं पाहिली आहेत मी. काय झालं ते सांगितलं तेव्हा तो खाली बसला. मग एक एक करून तुकडे वेचले आणि कामाला गेला.

कुणाजवळ बोलावं तर घरातली गोष्ट चव्हाट्यावर. म्हणून ही वही काढली.

५ फेब्रुवारी

काल रागाच्या भरात लिहिलं. आज नीट लिहिते.

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, एकुलतं एक लेकरू. जन्मला तेव्हा सगळ्यांनी मुलगी झाली म्हणून सांगितलं आणि एकोणतीस वर्षं आम्ही तेच धरून चाललो. साडेतीन वर्षांपूर्वी त्यानं आईला सांगितलं की मी मुलगी नाही, कधीच नव्हतो. ताईनं दार दाखवलं. तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून माझ्याकडे आला.

मी भाषेची शिक्षिका. 'लिंग बदला' हा प्रश्न दरवर्षी परीक्षेत घालायचे, दोन गुणांचा. घरात तोच प्रश्न आला तेव्हा पहिले सहा महिने माझा पेपर कोरा. 'ती' म्हणायचे, जीभ चावायचे, मग 'तो' म्हणायचे. त्यानं कधी चूक काढली नाही. नुसता थांबायचा, माझं वाक्य दुरुस्त होईपर्यंत.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. दर दोन आठवड्यांनी पुरुषांच्या हार्मोनचं इंजेक्शन मांडीत घेतो, स्वतःच्या हातानं, दार लावून. आवाज उतरला, दाढी आली, आणि मुख्य म्हणजे पोरगं हसायला लागलं. दोन वर्षांपूर्वी भाचेसून आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासते. बोलते कमी, बघते जास्त.

आणि आता हा राग. वाटतं ते लिहून टाकते: औषध पुरुषांचं, राग पुरुषांचा.

११ फेब्रुवारी

ताईचा फोन. कुणीतरी तिच्या कानावर घातलंच. "मी सांगत नव्हते? शरीराशी खेळ केला की शरीरही खेळ करतं." मी फोन आपटला, पण वाक्य कानातून निघत नाही.

भाचा आपणहून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. त्यांनी नाडीसुद्धा धरली नाही म्हणे. "हार्मोन घेता ना? मग चिडचिड होणार, घाम येणार, वजनही वाढणार." वजन वाढलंय खरं, चांगलं आठ किलो. दिवसभर चरत असतो. हत्यारांच्या पिशवीत पाने कमी आणि बिस्किटं जास्त. मी बोलले तर म्हणतो, "खाल्लं की डोकं जागेवर राहतं गं." लहानपणापासूनचा गोडघाशा. निमित्त बरं सापडलं.

१९ फेब्रुवारी

आज माझी दाढ काढायची होती. दवाखाना आठव्या मजल्यावर. जाऊन बघते तर लिफ्ट मध्येच अडकलेली, आत एक वयस्क गृहस्थ, आणि दुरुस्तीला आलेला कोण, तर आमचाच भाचा. मी जिन्यानं, दोनदा टेकत, सहाव्या मजल्यावर पोचले. तो बंद दाराशी फरशीवर मांडी घालून बसला होता, दाराशी तोंड करून. जोडीदार वर मोटारीच्या खोलीत.

आतून आवाज आला, "अहो, खाली पडेल ना ही!"

"काका, हिला पडायचं म्हटलं तरी जमत नाही. जोरात खाली निघाली की दोन्हीकडचे रूळ जबड्यात धरते. तुमच्या दातांपेक्षा घट्ट."

"माझे चार आत्ताच काढलेत!"

"मग हिच्याच दातांवर भरवसा ठेवा."

आतून हसल्याचा आवाज. मग यानं त्यांना बोलतं ठेवलं: घरी कोण, झोप लागते का, तरुणपणी काय करायचे. चाळीस मिनिटं, एकदाही घड्याळ न बघता. दार उघडलं तेव्हा ते गृहस्थ त्याचा हात सोडेनात. मला वाटलं, असा एक जरी विद्यार्थी माझ्या हातून घडला असता तर.

मग पुढचंही पाहिलं. दीड वाजून गेला होता, सकाळपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नाही. हात थरथरायला लागला. दोन तारा बोटांत धरून तो त्यांच्याकडे बघत राहिला, धडा विसरलेल्या मुलासारखा. जोडीदार खाली आला तसं यानं कमरेची लिफ्टची किल्ली सोडून त्याच्या हातात दिली आणि जड जिभेनं म्हणाला, "आज माझ्यावर भरवसा ठेवू नको. तू कर. मी सकाळी केलंय तेही तपासून घे." दहा माणसांसमोर.

माझ्या उभ्या नोकरीत इतकं सरळ कबूल करणारा माणूस पाहिला नाही. मुख्याध्यापकांत तर नाहीच नाही.

२७ फेब्रुवारी

त्यानं स्वतः अर्ज करून लिफ्टवरचं काम सोडलं. आता गोदामात सुटे भाग मोजतो. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला.

"मावशी, आधी मी असा नव्हतो ना?"

"नव्हतास."

"मग पुरुष झालो म्हणून असा झालो का?"

ओठांवर आलं ते ११ तारखेचं, ताईचं वाक्य. मी ते तोंडातच ठेवलं.

"तसं असेल तर दाढी गेली तरी चालेल," तो म्हणाला. "तुमच्या दोघींवर हात उगारणारा पुरुष मला व्हायचं नाही."

आज इंजेक्शनची तारीख होती. त्यानं घेतलं नाही. बाटली कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली.

मला बरं वाटलं. वहीशी खोटं कशाला बोलू? बरं वाटलं. भाचेसून न्हाणीघरात नळ सोडून रडत होती, तेही मी ऐकलं.

२४ मार्च

महिना होत आला. राग तसाच आहे. आता सकाळी हाक मारली तर कधीकधी ओसुद्धा देत नाही, हलवून उठवावं लागतं.

आणि तीन वर्षांनी त्याचे ते महिन्याचे दिवस परत आले. तोंडातून अक्षर काढलं नाही, रजा घेतली नाही. पाय ओढत कामाला गेला आणि पाय ओढत आला. भाचेसुनेनं मला डोळ्यांनीच सांगितलं, काही विचारू नका.

मला वाटत होतं, औषध बंद झालं की जुनं माणूस परत येईल. जुनं माणूस म्हणजे कोण, हे मात्र मी स्वतःला विचारलं नव्हतं.

२ एप्रिल

सकाळी साडेसहाला दाराची कडी वाजली म्हणून उठले. भाचा जिन्यात बसलेला, एका पायात बूट, दुसरा बूट हातात. भाचेसून समोर गुडघ्यांवर बसली होती. तिला म्हणाला, "बाई, हा रस्ता कुठे जातो?" शेजारणीनं धावत साखरेचं पाणी आणलं. अर्धं सांडलं, अर्धं पोटात गेलं. पाचेक मिनिटांत त्यानं बायकोला नावानं हाक मारली, आणि आपण जिन्यात का बसलोय ते कळेना म्हणून घाबरला.

याचं लहानपणापासून असंच. गोड दिलं की रडं बंद.

३ एप्रिल

आज भाच्यानं विचारलं, "मावशी, तू वही लिहितेस ना?"

मी म्हटलं, कुठली वही.

"अगं, उशीखालची. मला तारखा हव्यात. लिफ्ट रोज बिघडत नसते. कधी बिघडते ते लिहून ठेवलं की कुठे बिघडते ते कळतं. मी इंजेक्शन बंद केलं, बिघाड गेला नाही. म्हणजे मी चुकीची तार तोडली."

वही द्यायची म्हणजे २७ तारीखही द्यायची. मी दिली. तो जेवणाच्या टेबलाशी लाल पेन्सिल घेऊन बसला. मी भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत राहिले. मोडल्या आणि परत घातल्या. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "सकाळी सात, नाश्त्याआधी. दुपारी दीड, उपाशी. सकाळी साडेसहा. आणि प्रत्येक वेळी गोड दिल्यावर जाग. मावशी, तू सगळं लिहिलंयस."

"तेही वाचलंस?"

"'बरं वाटलं' ना? वाचलं." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "खरं लिहिलंस म्हणून बाकीच्यावर विश्वास ठेवता येतो."

मी घडी घातलेला टॉवेल तोंडाला लावला.

७ एप्रिल

हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. इंजेक्शनं लिहून देणाऱ्या याच. बंद केली हे सांगायची लाज वाटते म्हणून भाचा महिनाभर त्यांना टाळत होता. बाई माझ्याहून लहान, चष्मा कपाळावर, ऐकताना लिहीत नाहीत. त्यांनी माझी वही अथपासून इतिपर्यंत वाचली. लाल खुणांपाशी थांबल्या. मग तिथल्या तिथे त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. तो उपाशीच आला होता. साखर सेहेचाळीस.

"सत्तरच्या खाली आली की आम्ही सावध होतो," बाई म्हणाल्या आणि आधी त्याला फळांचा रस प्यायला लावला. "पोटामागे स्वादुपिंड असतं. रक्तातली साखर उतरवणारं इन्सुलिन तिथे तयार होतं. कधीकधी तिथे एक छोटी गाठ होते आणि ती वेळीअवेळी इन्सुलिन सोडत बसते. साखर फार उतरली की मेंदू उपाशी पडतो. उपाशी मेंदू असला की संतसुद्धा शिव्या देईल."

"म्हणजे राग इंजेक्शनमुळे नाही?" मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"इंजेक्शन बंद केल्यावर गेला का?"

भाच्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. खांदे हलत होते. दोन महिने हा माणूस स्वतःला वाईट समजून जगला, आणि तरी रोज उठून कामाला गेला.

१५ एप्रिल

इस्पितळात आज खात्रीची तपासणी झाली. काल संध्याकाळी सातला जेवण, त्यानंतर फक्त पाणी. साखर उतरेपर्यंत थांबायचं आणि नेमकं त्या वेळी रक्त घ्यायचं. म्हणजे जे घरात लपवत होतो ते मुद्दाम परक्यांसमोर घडू द्यायचं. त्यानं एकदाही नकार दिला नाही. मला म्हणाला, "मी काय बरळेन ते मनावर घेऊ नको. पण लिही. वेळेसकट."

भरती करताना खिडकीतल्या बाईंनी जुने कागद पाहिले, याची दाढी पाहिली आणि विचारलं, "स्त्री की पुरुष?" मी म्हटलं, "पुरुष. तुम्हाला जमत नसेल तर मी लिहिते, माझं अक्षर चांगलं आहे." त्यांनी लिहिलं.

सकाळी आठ. साखर ५८. याची नर्सशी चेष्टा चालली आहे, इस्पितळाची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर धक्का देते म्हणून.

साडेनऊ. ४९. घाम. भाचेसुनेला विचारलं, "तुम्ही कोण?" ती म्हणाली, "चष्मेवाली." "बरं," म्हणाला.

दहा वीस. ४१. नर्सला ढकललं. शिव्या दिल्या. वर्ष विचारलं तर सांगता येईना.

दहा पन्नास. ३४. नर्स भराभर नळ्या भरत होती. त्या भरेपर्यंत साखर द्यायची नव्हती, फार तर दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत तो ओरडला, "आई! दार उघड! आई, मी आलो! मी आलोय गं!"

हाक मला नव्हती. असो.

पण तो 'आलो' म्हणाला. बायको ओळखू येत नव्हती, वर्ष आठवत नव्हतं, समोरचा हात स्वतःचा की दुसऱ्याचा तेही कळत नव्हतं, आणि तरी 'आले' म्हणाला नाही. साडेतीन वर्षं मी 'तो' म्हणत आले, पण अगदी आत कुठेतरी वाटायचं की हे यानं ठरवलंय, घोकलंय, कष्टानं सांभाळतोय. घोकलेलं असतं तर आज सगळ्यांत आधी तेच गेलं असतं. घोकंपट्टी कशी जाते ते मला सांगायला नको.

शिरेतून साखर गेली. चार मिनिटांनी डोळे उघडून म्हणाला, "किती झाली?"

"चौतीस."

"सापडला म्हणजे बिघाड," म्हणाला आणि भाचेसुनेचा हात हातात घेऊन झोपला.

घरी येऊन मी ताईला फोन केला. तो काय म्हणून ओरडला ते शब्दन्‌शब्द सांगितलं. तिनं फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.

२४ एप्रिल

स्कॅनमध्ये गाठ दिसली. स्वादुपिंडाच्या शेपटाला, चौदा मिलिमीटर. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी. एवढ्याशा गोष्टीनं घर हलवलं. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात, पण काढल्यावरच कळतं.

भाच्यानं डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "ही इंजेक्शनांमुळे झाली का?"

"मला वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्यासारख्या माणसांच्या अशा नोंदी जगात इतक्या थोड्या आहेत की ठामपणे सांगितलं तर मी थाप मारली असं होईल. तुमची नोंद मी लिहू का? ओळख येणार नाही. पुढच्या डॉक्टरला बोटाला सुई टोचायचं तरी सुचेल."

"लिहा. फक्त 'रुग्ण पुरुष' असं लिहा."

"आणखी काय लिहिणार?" बाई म्हणाल्या.

'माहीत नाही' असं म्हणणारी डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिली. तिच्यावर माझा एकदम भरवसा बसला.

९ मे

शस्त्रक्रिया. सकाळी आठला आत नेलं. मी आणि भाचेसून बाकावर. ती सारखी चष्मा पुसत होती. मग कळलं की तिला चष्माच नाही, दुकानातला कुणाचा तरी खिशात राहिला होता.

अकराच्या सुमाराला पाणी आणायला खाली गेले. दाराशेजारच्या खुर्चीत ताई; तारीख मीच कळवली होती. कधीपासून बसली होती देव जाणे, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

"वर चल," मी म्हटलं.

"नको." मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, "कसं आहे लेकरू?"

लेकरू. ताईनं मधली वाट काढली. भाषेत अशा वाटा असतात, आणि आयांना त्या बरोबर सापडतात.

"आत आहे अजून," मी म्हटलं. "भूल द्यायच्या आधी नर्सला सांगत होता, लिफ्टची तक्रार कुठे नोंदवायची ते."

ताईच्या तोंडावर काहीतरी हललं. ती उठली, पदर सारखा केला. "बरं झालं की कळव," म्हणाली आणि निघाली. दारापर्यंत जाऊन परत आली, पिशवीतून एक मऊ जुनी चादर काढून माझ्या हातात दिली. "तिथलं अंथरूण टोचतं," एवढंच.

दीड वाजता सर्जन बाहेर आले. गाठ निघाली. काढल्या काढल्या साखर आपोआप चढायला लागली, म्हणजे चोर तोच. भाचेसून पहिल्यांदा माझ्या गळ्यात पडली. हाडं केवढी बारीक आहेत पोरीची.

१९ मे

तपासणीचा कागद आला. गाठ साधी, पूर्ण निघाली. दर वर्षी तपासत राहायचं.

पोटात नळी होती ती काल काढली. फार दुखलं असणार. नर्सला तो म्हणाला, "ताई, तुमचा हात हलका आहे." खोटं बोलायलाही अंगात ताकद लागते.

चादरीबद्दल विचारलं त्यानं. मी सांगितलं, कुणी दिली ते. तो बराच वेळ तिचा काठ बोटांनी चाचपत राहिला.

३ जून

सकाळी सात. उपाशी पोटी साखर ९२. भाचा गॅलरीत बसून ब्रेडला लोणी लावत होता, आणि गुणगुणत होता. किती दिवसांनी. मी उगाचच दाराआडून ऐकत उभी राहिले.

२७ जून

परवापासून तो परत लिफ्टवर जाणार. जोडीदार स्वतः घरी येऊन किल्ली देऊन गेला.

आज डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन पुन्हा सुरू करायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, आता दार लागेल. मी भाजी निवडत बसले. दार लागलं नाही.

"मावशी, जरा येतेस?"

तो पलंगाच्या कडेला बसला होता. नवी बाटली, सुई, कापूस, सगळं स्वच्छ रुमालावर मांडलेलं. पोटावरची जखम अजून वाकताना ओढते, म्हणाला. ओढत असेलही. भाचेसून शेजारच्या खोलीतच होती, तिचा हात माझ्यापेक्षा शंभरपट सराईत. तिला का नाही सांगितलं, कोण जाणे.

"मला जमणार नाही रे."

"मी सांगतो तसं कर. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध. सरळ आत. घाई नको."

बंद दाराशी बसून त्या गृहस्थांशी बोलत होता ना, अगदी तोच आवाज. मी हात धुतले. कापसानं जागा पुसली. सुई सरळ आत गेली. मला वाटलं होतं त्याहून सोपं होतं ते, आणि मला वाटलं होतं त्याहून त्याची कातडी मऊ होती. मी हळूहळू दट्ट्या दाबला. शेवटचा थेंब जाईपर्यंत श्वास घेतला नाही. सुई काढली, कापूस दाबून धरला.

"दुखलं?"

"हो," तो म्हणाला आणि हसला. "चांगलंच."

मी कापूस आणखी थोडा वेळ तसाच दाबून धरला. रक्त केव्हाच थांबलं होतं.